मधोमध हौशीराम आबा

भर दुपारी पोह्यांच्या डब्यावर ठेवलेला फोन झर्रर्र करून थरथरला आणि घरातली शांतता फुटली. स्टीलचा डबा, स्टीलचं झाकण आणि त्यावर फोन. ओट्यावर कुणी भुंगा कोंडून ठेवावा तसा आवाज झाला. सायलीनं झडप घालून फोन उचलला, पण उशीर झाला होता. कितीतरी वेळ थोपटून झोपवलेली प्रगती डोळे चोळत उठून बसली होती आणि भिंतीला टेकून पेंगणाऱ्या सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, डोळे न उघडताच विचारलं,

"कुणाचा हाय?"

"कॅनडाचा."

वच्छलाबाईंचे दोन्ही डोळे उघडले. "आला? व्हिसा आला?"

सायली मेल वाचत होती. इंग्रजी तिला येत होतं. लग्नाआधी माहेरी, पाटसला, ती एका पतसंस्थेत कामाला होती. पण हे इंग्रजी फार सभ्य होतं आणि इतक्या सभ्य भाषेत वाईट बातमी नेमकी कुठे ठेवली आहे ते पटकन सापडत नाही. तिनं पुन्हा वाचलं आणि हळूच म्हणाली,

"आई, ते विचारतायत, आम्ही स्वित्झर्लंडला कधी गेलो होतो."

"कोण आम्ही?"

"मी आणि हे. लग्न झाल्या झाल्या."

वच्छलाबाई पदर सावरून ताठ बसल्या. "मला तर महाबळेश्वर सांगितलं व्हतं तुम्ही!"

आता यातलं खरं काय ते सांगायला हवं. सायलीचा नवरा सत्यजीत शिरूरजवळच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर लोखंडाचे सुटे भाग घडवत होता. हात इतका सफाईदार की त्याचं काम बघून कॅनडातल्या एका कारखान्यानं त्याला बोलावलं होतं. त्याचं वर्क परमिट येऊन पडलं होतं. सायलीसाठी नोकरदाराच्या बायकोला मिळतं ते परमिट मागितलं होतं आणि प्रगतीचा अर्ज आणखी वेगळा. "येका घरातली तिघं, आन् तिघांचं तीन परकार?" असं वच्छलाबाईंनी तेव्हाच विचारलं होतं. "आमच्या रेशनकार्डावर सगळी मावायची की." परमिट आणि व्हिसा यांतला फरक मात्र त्यांना एका झटक्यात कळला होता. परमिट म्हणजे काम करायची परवानगी आणि व्हिसा म्हणजे दारातून आत यायची, एवढं सायलीनं सांगितल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "म्हंजी मार्केट यार्डातला गाळा येगळा आन् गेटपास येगळा."

सायलीचा गेटपास अडकला तर सत्यजीतला एकट्यालाच जावं लागणार होतं. दोन वर्षं. तिकडच्या कारखान्यानं रुजू व्हायची तारीख दिली होती, ती कुणासाठी थांबणार नव्हती. आणि प्रगती बापाच्या कानाची पाळी मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. दुपारी नाइलाज म्हणून ती आईचं थोपटणं चालवून घ्यायची, पण रात्री कान लागायचाच. दोन वर्षं तो कान कुठून आणायचा, या एका प्रश्नापायी सायलीनं सगळे कागद स्वतः भरले होते. भाकरी तव्यावर असताना एक रकाना, पोर अंघोळीला बसली की दुसरा.

घोटाळा त्यातच झाला होता. "नवरा-बायकोचे एकत्र फोटो जोडा, लग्नाचे असले तर उत्तम," असं पुण्याच्या व्हिसा सल्लागार शितल मॅडमनी सांगितलं होतं. सायलीनं लग्नाचा अल्बम उघडला. पहिल्या पानापासून स्टेजवरच्या प्रत्येक फोटोत ती एका टोकाला, सत्यजीत दुसऱ्या टोकाला आणि मधोमध गावचे सरपंच, शिवाय दूध डेअरीचे चेअरमन, हौशीराम आबा. आपल्याकडे मोठा माणूस स्टेजवर आला की वधूवरांच्या शेजारी उभा राहत नाही, मधे उभा राहतो. वधूवर आपोआप सरकतात. आबा तर एकदा चढले ते उतरलेच नव्हते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मान द्यायचा म्हणून प्रत्येकाबरोबर ते नव्यानं उभे राहिले होते. हार घालतानाच्या फोटोंत अक्षता टाकणाऱ्यांचे हातच हात होते. शेवटी अल्बमच्या मागच्या पानांवर दोघंच असलेले देखणे फोटो सापडले आणि सायलीनं प्रगतीला एका कडेवर घेऊन दुसऱ्या हातानं ते पाठवून दिले. एका फोटोत मागे बर्फाचे डोंगर होते; तोच मोठा करून हॉलमधे लावलेला होता. दुसऱ्यात आयफेल टॉवर होता. रोज डोळ्यांसमोर असलेल्या फोटोच्या मागचं काही दिसत नाही, त्यातलाच प्रकार.

आणि अर्जात तिनंच लिहिलं होतं: यापूर्वी परदेश प्रवास, नाही.

तिनं शितल मॅडमना फोन लावला.

"सायली, हे स्वित्झर्लंड काय आहे?" मॅडमनी मेल आधीच वाचला होता.

"मॅडम, ते पोपटनं केलंय."

"कोण पोपट?"

"फोटोग्राफर. शिक्रापूरला स्टुडिओ आहे त्याचा. तो सगळ्यांनाच स्वित्झर्लंडला नेतो. माझ्या नणंदेला तर हत्तीवर बसवलंय."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नीट ऐका. त्यांना वाटतंय तुम्ही प्रवास लपवला. हे नीट समजावलं नाही, तर खोटी माहिती म्हणून नकार येईल आणि पुढची कित्येक वर्षं अर्जच करता येणार नाही. त्या पोपटकडून मूळ फोटो आणा, त्याच्या सहीचं निवेदन आणा. आठवड्याच्या आत."

सत्यजीत कारखान्यातून आला तसा त्याला दारातूनच मागे वळवला. गाडीवर मधे प्रगती, मागे सायली. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांची ही मोठी रांग. त्या धुरात उभं राहून सत्यजीत म्हणाला,

"तू फोटो पाठवायच्या आधी मला दाखवायचा तरी."

"दाखवला होता. तुम्ही म्हणालात, यात मी बारीक दिसतोय, हाच पाठव."

सत्यजीतनं आरशातली नजर पुढच्या ट्रकवर वळवली. सिग्नल सुटला.

पोपट काउंटरमागे बसून कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण बनवत होता. हकीकत ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग संशय, आणि शेवटी असं तेज पसरलं की सायलीला वाटलं, याला काहीतरी वेगळंच ऐकू गेलं.

"थांबा थांबा वैनी. म्हंजी तिकडच्या सायबानं बघितला फोटो. आन् त्याला खरा वाटला?"

"हो ना. तेच तर झालंय."

"बर्फाच्या देशातला माणूस," पोपट खुर्चीतून उठला. "जल्म बर्फात गेला त्याचा. आन् त्याला माझा बर्फ वळखू आला न्हाई?"

"पोपटभाऊ, आमचा व्हिसा अडकलाय!"

"ते व्हईल वो. त्या मेलची येक कापी मला द्या. फ्रेम करून हितं लावतो."

सत्यजीतनं त्याला खाली बसवलं. मूळ फोटो मागितल्यावर मात्र पोपटनं पुन्हा बारशाच्या आमंत्रणात डोकं घातलं. कच्चा माल गिऱ्हाईकाला दाखवायचा नाही, हा त्याचा धंद्यातला कडक नियम होता. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यानं कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर पुसून सुरू केला. तो घरघरत जागा झाला आणि पडद्यावर पाटसच्या मंगल कार्यालयाची कोठीची खोली उघडली.

मागून बर्फ चिकटवता यावा म्हणून दोन पोरांनी हिरवं कापड ताणून धरलं होतं. कापडाच्या कडेला त्यांची बोटं दिसत होती. एका बाजूला तांदळाची पोती, दुसऱ्या बाजूला गॅसचे सिलिंडर आणि मधे शालू नेसलेली सायली, मान किंचित कलती करून, लाजून डावीकडे बघत होती.

एकटी.

"हे कुठायत?" सायलीनं विचारलं.

पोपटनं पुढचा फोटो काढला. त्यात सत्यजीत होता, फेटा तिरका, कपाळावर घाम, उजवीकडे प्रेमानं बघत. तोही एकटा.

"पोपट, आमचा दोघांचा फोटो कुठाय?" सत्यजीतचा आवाज चढला.

"आता दादा, आठवा की जरा. उसाचा सीझन व्हता. कारखान्याच्या रस्त्याला उसाची ट्रॉली पलटी झाली, तुमचं वऱ्हाड तिथं अडकलं. वैनीचं मी सकाळीच उरकून घेतलं. तुम्ही आला ते थेट अंतरपाटाला. तुम्हाला घेतलं जेवणं झाल्यावर. मग दोघांस्नी हितं आणून जोडलं. लग्न तिकडं गुरुजींनी लावलं, जोडा मी जमवला."

सायली पडद्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं हॉलमधे लावलेला तो फोटो. त्यातली आपली नजर तिला फार आवडायची.

"मग मी लाजून बघतेय कुणाकडं?"

पोपटनं फोटो जरा बाजूला सरकवला. "सिलिंडरकडं."

सत्यजीतला हसू आवरेना. मग सायलीलाही आवरेना. प्रगतीला कळलं काहीच नाही, पण दोघं हसतायत म्हणून तीही टाळ्या पिटू लागली. हसणं ओसरलं तेव्हा सायलीच्या ध्यानात आलं, की आपण स्वित्झर्लंडला गेलो नव्हतो हे आता सिद्ध करता येईल. फक्त त्यासोबत आपण लग्नात एकत्र उभेच नव्हतो हेही सिद्ध होणार.

"दुसरे काढा," शितल मॅडम फोनवर म्हणाल्या. "लग्नानंतरचे. फिरायला गेलेले, देवाला गेलेले. चेहरे स्पष्ट पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी सायलीनं घर पालथं घातलं. देवाला गेलेले होते. लग्नानंतर जेजुरीला सत्यजीतनं तिला उचलून पायऱ्या चढल्या होत्या. शेजारीपाजारी, चुलते, मावश्या सगळ्यांनी मूठ मूठ भंडारा उधळला होता. फोटो झकास आला होता. एका पिवळ्या माणसानं दुसरं पिवळं माणूस उचललं होतं. वर कोण नि खाली कोण, हे फक्त पायांवरून कळत होतं.

"ह्यो पाठव," वच्छलाबाई म्हणाल्या. "देवाचा हाय. कोण न्हाई म्हनंल?"

"आई, चेहरा दिसत नाही."

"मला दिसतोय की. ह्यो माझा सत्या."

"तुम्ही व्हिसा ऑफिसात नाही ना!"

महाबळेश्वरचे फोटो ज्या फोनमधे होते तो फोन विहिरीत होता. उरला हल्लीचा फोन. त्यात फोटोंची रास होती, पण सगळी प्रगतीची. प्रगती रांगताना, प्रगती रडताना, प्रगतीच्या नाकाला वरणभात. त्यांत सायली होती, नाही असं नाही. कुठे कोपर, कुठे ओढणीचं टोक, कुठे घास धरलेली बोटं. सत्यजीत म्हणजे अर्धी चप्पल आणि एक गुडघा. पोर झाल्यापासून या घरात नवरा-बायको फोटोत सबंध असे आलेच नव्हते. सायली एकेक फोटो सरकवत गेली, शोधायचं विसरली आणि बघतच बसली. दूध उतू गेलं तेव्हा कुठे भानावर आली.

शेवटी होतं तेच पाठवायचं ठरलं. हिरव्या कापडाचे दोन फोटो, पोपटचं निवेदन आणि दोघं एकत्र असल्याचा पुरावा म्हणून स्टेजवरचे फोटो, आबांसकट. पोपटच्या निवेदनातलं "आल्प्स पर्वत हा माझ्या स्टुडिओचा असून मागणीप्रमाणे पुरवला जातो" हे वाक्य शितल मॅडमनी काढायला लावलं. पोपट त्यावर नाराज झाला.

चार दिवस गेले. मग पुन्हा डब्यावर झर्रर्र झालं.

"कॅनडा?" वच्छलाबाईंनी झोपेतच विचारलं.

सायलीनं मेल वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. छायाचित्रांबाबतचा खुलासा मिळाला, असं त्यात लिहिलं होतं. परंतु दोघे एकत्र असलेल्या सर्व छायाचित्रांमधे अर्जदार व त्यांचे पती यांच्या मधोमध एकच व्यक्ती दिसत असून, कुटुंबाच्या माहितीत तिचा उल्लेख आढळत नाही. सदर व्यक्तीचे अर्जदाराशी नाते काय, ते कळवावे.

"काय म्हनत्यात?"

"विचारतायत, हौशीराम आबा आपले कोण लागतात."

वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बया! भाऊकीत बी न्हाई तो आपल्या."

सरपंचांकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. सायली आणि सत्यजीत ग्रामपंचायतीत गेले तेव्हा आबा खुर्चीत रेलून चहा बशीत ओतत होते. शेजारी ग्रामसेवक भाऊसाहेब संगणकाशी झटत होते. सत्यजीतनं चाचरत सगळं सांगितलं. शेवटचा भाग आबांनी पुन्हा सांगायला लावला.

"म्हंजी कॅनडाच्या सरकारनं माझी चौकशी केली?"

"तसंच म्हणायचं, आबा."

"नावानिशी?"

"नाव त्यांना माहीत नाही. 'मधली व्यक्ती' म्हणलंय."

आबांनी बशी खाली ठेवली. "भाऊसाहेब, ऐकलंत का? मधली व्यक्ती. कळवा त्यास्नी. लगेच दाखला काढा. की ही दोघं आमच्या गावची हायती, आन् ह्यांनी कवाच सवित्झर्लंड बघितलं न्हाई."

"आबा, न गेल्याचा दाखला देता येत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "रहिवासी देता येतो. हयातीचा देता येतो."

"मग हयातीचा द्या. जित्ती हायती आन् हितंच व्हती."

"आबा," सायली मधेच बोलली. सरपंचांपुढे ती कधी बोलत नसे, पण आता राहवलं नाही. "त्यांना तेवढंच कळायला पाहिजे, की तुम्ही मधे का उभे होता. कारण आमचा दोघांचा असा फोटोच नाही. एकही नाही. म्हणून त्यांना संशय येतोय, आणि आता हे एकटेच जायची वेळ आलीय. पोरगी राहणार नाही हो यांच्याशिवाय."

आबांनी फोटो बघायला हात पुढे केला. मग मोबाइलवर तिनं दाखवलेले फोटो त्यांनी चष्मा लावून बघितले. पहिला बघितला, मग दुसरा, मग आणखी काही. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"आयला," ते स्वतःशीच म्हणाले. "ह्यात बी मीच."

"आबा, तुमचा मानच आहे तो," सत्यजीत घाईनं म्हणाला.

"गप रं. पोरी, सगळ्यांच्याच लग्नात मी असा?"

सायलीनं खोटं बोलायचा विचार केला, पण सध्या खोटं बोलणं तिला परवडणारं नव्हतं. "हो आबा."

त्या दिवशी आबांनी दाखल्याचा मजकूर स्वतः सांगितला आणि भाऊसाहेबांनी नमुन्यात बसत नसतानाही तो टाइप केला. "दाखला देण्यात येतो की, श्री. सत्यजीत व सौ. सायली हे आमच्या गावचे कायम रहिवासी असून त्यांच्या लग्नात मी हजर होतो. मधे उभा असलेला इसम मी आहे. माझे त्यांच्याशी नाते नाही. मोठ्या माणसाने मधे उभे राहावे अशी आमच्याकडे पद्धत आहे, व मला कोणी बाजूला हो म्हणाले नाही. वधूवरांना वेगळे करण्याचा माझा कोणताही हेतू नव्हता. यांचा संसार मी रोज डेअरीला जाता-येता ऐकतो. तो खरा आहे." खाली गोल शिक्का, सही, आणि स्वतःचा पासपोर्ट फोटो. इंग्रजी सायलीनं केलं. "संसार ऐकतो" याचं इंग्रजी करताना ती अडली, मग तसंच ठेवून दिलं.

यानंतरची शांतता मोठी होती. सत्यजीतनं बॅग भरायला काढली आणि पुन्हा माळ्यावर ठेवली. सायली फोन डब्यावर ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. वच्छलाबाईंनी दुपारचं पेंगणं सोडून दिलं.

शुक्रवारी झर्रर्र झालं. सायलीनं मेल उघडला, वाचला आणि तो सासूबाईंपुढे धरला. वच्छलाबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण सुनेचं तोंड वाचता येत होतं. त्यांनी तिला जवळ ओढून तिच्या गालांवरून बोटं मोडली. तिचं परमिट मंजूर झालं होतं, प्रगतीचा व्हिसाही. तिघं एकदम जाणार होते.

बातमी गावभर व्हायला दूध डेअरीची एक खेप पुरली. दोन दिवसांत वेशीवर फ्लेक्स लागला. तो आबांनी सांगितला होता, म्हणजे अर्थात पोपटनं बनवला होता. सायली आणि सत्यजीत प्रगतीला घेऊन बघायला गेले आणि दोघंही जागीच थांबले. नवरा-बायको चक्क मधोमध होते, अगदी खांद्याला खांदा लावून. आबांनी धडा घेतला होता. ते मधे नव्हते. ते दोन्ही बाजूंना होते. डावीकडे हात जोडलेले आबा, उजवीकडे फोन कानाला लावलेले आबा. आणि मागे प्रचंड धबधबा, बर्फ आणि कॅनडाचा झेंडा.

"अहो," सायली कुजबुजली, "आपण अजून गेलो नाही."

"पोपटला फोन लाव!" सत्यजीत खांबावर चढायला निघालाच होता. "सायबानं बघितला तर पुन्हा विचारंल!"

फ्लेक्स उतरवून, गुंडाळून, गाडीवर आडवा घालून ते घरी आले. वच्छलाबाई ओसरीवर भाजलेले शेंगदाणे चोळून त्यांची फोलपटं उडवत होत्या. सोबत द्यायला चटणी करायची होती. तिकडे शेंगदाणे मिळतात असं सायलीनं सांगून पाहिलं होतं, पण त्यांना ते पटलं नव्हतं. गुंडाळलेला फ्लेक्स बघून त्या पोटभर हसल्या. मग सूप पाखडता पाखडता सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"सायले, आन् मला कवा यायचं झालं, तर माझा कंचा परकार गं?"

"तुमचा ना आई? व्हिजिटर."

"म्हंजी?"

"म्हणजे, पाहुणे येतात ना, त्यांचा."

वच्छलाबाईंचं सूप थांबलं. "लेकाच्या घरी पाहुणी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या, पण या वेळी जरा उशिरा. "बरं की. चार दिस राहीन, हातावर पाणी पडंल, येईन." सूप पुन्हा चालू झालं. फोलपटं अंगणात उडत राहिली.

सायली त्यांच्याजवळ बसली आणि शेंगदाणे चोळू लागली. सत्यजीत फ्लेक्स ठेवायला जागा शोधत घरात गेला. प्रगती मधल्या पायरीवर बसून एकेक दाणा तोंडात टाकत होती आणि काहीतरी मोठं जुळवत होती, हे तिच्या कपाळावरच्या आठीवरून दिसत होतं. तोंडातला दाणा संपल्यावर ती म्हणाली,

"मम्मी, आजी आपल्याकडं आली की ती पाहुणी. मग आपण आजीकडं आलो, की आपण कोण?"